आधी सिनेमा बघ, मग भांड

अक्का, बघून आले तुमचा तो सिनेमा. थू!

तुमचं तेरावं होऊन धड दोन दिवस झाले नव्हते आणि मी थेटरात जाऊन बसले. तापीकाठच्या आमच्या लालबागेत बोभाटा व्हायचा तो झालाच. शेजारणीनं गेटपाशीच गाठलं. "सख्खी नणंद गेली अन् पिक्चरला चालल्या?" मी म्हटलं, "नणंदेनंच पाठवलंय." तिनं माझ्याकडे असं बघितलं, की हिला आता डॉक्टरकडे न्यावं की मांत्रिकाकडे. पण खोटं काय बोलले मी? तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं तेच होतं ना? "आधी शिनेमा बघ शालू, मग भांड."

बघितला. आता भांडते. ऐकायला तुम्ही नाहीत, हा तुमचा नेहमीचाच डाव. भांडण रंगात आलं की तुम्हाला गॅसवरचं दूध आठवायचं.

पहिलं सांगते, मला मळमळलं. रागानं म्हणत नाही. पडदा उजळला नाही तोच नवी नवरी जात्यात हात घालते आणि पिठाऐवजी रक्त निघतं. बरं, निघालं तर निघालं, ती बया ते चाटते! शेजारी तुमची सून मीना बसली होती, तिनं ओढणी तोंडाला लावली ती इंटरव्हलपर्यंत काढली नाही. मग ते भूत. छतावरून उलटं चालत येतं, केसांतून गोमी गळतात, तोंडातून काळंकुट्ट काहीतरी ओकतं, आणि ओकलं की पोरं शिट्ट्या मारतात. मध्येच एक गाणं. आपल्या तापीच्या घाटावर, जिथं परवा तुमचा दहावा केला त्याच पायऱ्यांवर, अर्ध्या कपड्यांतल्या बारा पोरी कमरा हलवतायत. आणि विहिरीवर अंघोळीचा सीन. ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं, अन् कॅमेरा तिथून हलायला तयार नाही. भुताला भ्यायचं की डायरेक्टरला, तेच मला कळेना.

नवरीची नथ उजव्या नाकपुडीत. हिरो जिममधून थेट मळ्यात आलेला, आणि उभ्या केळीत नांगर धरतो! तो चांदनी गावाच्या बाजूचा तुमचाच मळा, अक्का, मी बांध ओळखला. भाऊजी असते तर त्यांनी तो हिरोच नांगराला जुंपला असता. केळीचा घड कापला की लाल चिळकांडी उडते. केळीच्या चिकाचे काळे डाग तुमचा जन्म गेला कपड्यांवरून घासण्यात. तो लाल कधी निघाला होता हो?

आणि हे म्हणे आपल्या कादंबरीवरून. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. आता ते नाव घेतलं की लोकांना ते गोमीवालं भूतच आठवतं, त्यात माझी भर नको.

आपली प्रत आठवते ना? तुमचा भाऊ तेव्हा नेपानगरला कागद मिलमध्ये होता. लगद्यासाठी रद्दीचे गठ्ठे यायचे, त्यातून साहेबांना विचारून कधीमधी एखादं पुस्तक घरी आणायचा. बायकोला गजरा आणायचं कधी सुचलं नाही, पण हे आणायचा. मी नवी नवरी, कॉलनीत ओळख ना देख, आणि तुम्ही मोठी नणंद म्हणून सासरहून, राजपुऱ्याहून दर आठवड्याला गाडीनं यायच्या, मला वाटायचं माझी घासलेली भांडी तपासायलाच येतात. एकदा ते पुस्तक पलंगावर पडलेलं दिसलं. तुम्ही म्हणालात, "वाच की मोठ्यानं. माझा चष्मा घरी राहिला." चष्मा तुमच्या पिशवीत होता. मला नंतर कळलं.

नवी सून सासरी येते. रोज पहाटे बंद कोठीतून तिला जात्याची घरघर ऐकू येते. कोठीला कुलूप. उजाडल्यावर उघडावं तर आत कोणी नाही. फक्त जात्याखालचं पीठ कोमट.

बस. एवढंच. पुस्तकभर रक्ताचा थेंब नाही, भूत एकदाही दिसत नाही. पण त्या कोमट पिठानं मी आठवडाभर कणकेच्या डब्यात हात घातला नाही. तुमचा भाऊ भात खाऊन खाऊन कंटाळला.

आणि आपल्या प्रतीला शेवटचं पानच नव्हतं. सून एका पहाटे हिंमत करून घरघर चालू असतानाच कोठीपाशी जाते, कुलूप काढते, आणि पान संपतं. पुढचं मिलच्या लगद्यात गेलं असणार. त्यावर कुणाच्या तरी घरचं वर्तमानपत्रही छापून झालं असेल.

मी म्हणायचे, आत भूत आहे. पहिली सून, जिला छळून मारली, ती दळतेय. तुम्ही म्हणायच्या, "चल! भुताला काय पोळ्या लाटायच्या आहे? सासू दळते, शालू. त्या पोरीला दळायला लावू लावू मारली, आता सोताच उठून दळून राहिली. भूतबीत काही राहत नाही. माणसंच राहते." मी म्हणायचे, मग कुलूप? तुम्ही म्हणायच्या, "किल्ली कोणाच्या कमरंला असते?" मी म्हणायचे, मग कोणी दिसत का नाही? तर म्हणे, "सासू कधी काम करताना दिसली का तुला?" आणि माझी सासू म्हणजे तुमचीच आई!

आयुष्य गेलं या एका भांडणात. माझी मुलं मोठी झाली, तुमच्या घरी मीना आली, आम्ही मिल सोडून लालबागेत घर बांधलं, भांडण तिथंच. मध्ये नवी आवृत्ती निघाली. दुकानात समोर दिसली, मी उचलली सुद्धा. तुम्ही माझ्या हातातून काढून परत फळीवर ठेवलीत. "नको आणू. शेवट कळला मंग भांडायला काय उरंल?" कोणी शेवट सांगायला लागलं की आपण दोघी कानांत बोटं घालायचो. लोकांना वाटायचं, या नणंद-भावजया वेड्या आहेत.

माझी आई गेली तेव्हा सगळ्या बायका आल्या, गळ्यात पडल्या, रडल्या, गेल्या. तुम्ही आलात, रडला नाहीत, माझी समजूतही काढली नाहीत. पुस्तक घेऊन बसलात, पिशवीतून चष्मा काढलात, म्हणालात, "तुला रडायचं तर रड. मी वाचते." आणि पहिल्या पानापासून सुरू केलंत. मी रडत राहिले, तुम्ही वाचत राहिलात, मध्ये एकदा थांबून म्हणालात, "बघ, इथं सासूच्या हाताला घट्टे आहे असं लिहिलं. तरी तू भूत म्हण." मला हसू फुटलं. आई गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी हसले. तुमचे उपकार मानायचे तर मी त्या दिवसाचे मानते, बाकीचं सगळं आपण भांडून फेडलंय.

आता त्या गाण्याकडे येते.

वाचणाऱ्याला कानबाई माहीत नसेल तर सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या घरी ती बसते. नारळाला डोळे लावायचे, नथ घालायची, पाटावर मांडायची, रात्र गाण्यांत जागवायची आणि सोमवारी नदीवर पोचवायची. तिचे रोट, म्हणजे तिच्या नावानं दळलेल्या गव्हाचा प्रसाद, भाऊबंदकीनंच खायचे, बाहेरच्याला घासभर नाही. लग्न होऊन गेलेली लेकसुद्धा बाहेरची. म्हणजे अक्का, तुम्ही गाणी म्हणायला पहिल्या आणि रोटाच्या पंगतीला नाही. तुम्ही कधी तक्रार केली नाहीत. म्हणायच्या, "माझं पोट गाण्यानं भरते." आणि आमच्या घरची कडक रीत, कानबाईची गाणी कानबाईपुढेच. रिकाम्या पाटापुढे नाही, पाहुण्यांच्या आग्रहाखातर नाही, दळता-कांडता गुणगुणायची सुद्धा नाहीत.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी कानबाईची खीर करपवली. करपवली म्हणजे काय, बुडाला कोळसा! सगळ्या भाऊबंदकीनं तीच खाल्ली, देवीपुढे टाकता येत नाही म्हणून. तुम्हाला खायची नव्हती, तुम्ही फक्त वास घेतलात. आणि देवीची गाणी संपल्यावर, तसाच गंभीर चेहरा, तसाच खोल, लांबवलेला आवाज लावून जागच्या जागी जोडलेली ओवी म्हटलीत:

दळण दळीते बाई, सव्वा पायली गव्हाचं,
खीर करपविणारं, नाव सांगू का वहिनीचं?

बायका हसून लोटपोट. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तेव्हापासून दर श्रावणात देवीची गाणी संपली की माझी वरात. एखाद्या वर्षी नवी भर पडायची. मी दात-ओठ खायचे. पण चुकून तुम्हाला उशीर झाला तर दाराशी जाऊन वाट कोण बघायचं? मीच.

मागच्या उन्हाळ्यात ती सिनेमावाली टोळी गावात आली. तो डायरेक्टर पोरगा, दाढी वाढलेली, चड्डी आखूड, तुमच्या राजपुऱ्याच्या ओट्यावर मांडी घालून बसला. कादंबरीवर सिनेमा काढतोय म्हटल्यावर तुम्ही हुरळून गेलात. मळा दिला, जातं दिलं, जातं कसं फिरतं ते दाखवलंत. मी पण तिथंच होते, मला पण आनंदच झाला होता, नाही म्हणत नाही. चहा गॅसवर होता. तेवढ्यात तो मोबाईल पुढे करून म्हणतो, "आंटी, चुड़ैल के लिए कुछ ओरिजिनल गाना चाहिए. वो आपकी देवी वाला. थोड़ा डरावना टाइप."

आमच्या कानबाईला डरावना टाइप! चेटकिणीच्या तोंडी कानबाईचं गाणं! मला वाटलं, आता अक्का याला ओट्यावरून ढकलणार. तुम्ही पदर सावरलात आणि म्हणालात, "बसा बेटा. म्हणते."

मी उठले. तुम्ही "अवं शालू, चहा" म्हणालात. मी मागे बघितलं नाही. कोपऱ्यापर्यंत तुमचा आवाज लागायला सुरुवात झालेली ऐकू आली, तोच खोल, लांबवलेला, आणि मी कानांत बोटं घातली. घरी पोचल्यावर बघते तर पायात तुमच्या चपला. दुसऱ्या दिवशी तुमच्या भावाच्या हाती परत पाठवल्या. स्वतः आले नाही.

मग गल्लोगल्ली पोस्टर लागलं. "तापी किनारे की शापित देवी का असली मंत्र." शापित! ज्या देवीला आपण डोक्यावर घेऊन नदीवर नाचत नेतो, ती शापित! भाजीवाला मला म्हणतो, "मामी, आपके घर की आवाज है ना उसमें? सुना है, गजब डराएगी!" मी भाजी न घेता परत आले. त्या श्रावणात तुम्ही आलात, देवीची सगळी गाणी म्हटलीत, आणि माझी खिरीची ओवी म्हटलीच नाहीत. पहिल्यांदाच. बायका म्हणाल्या, "अक्का, ते राहिलं की." तुम्ही म्हणालात, "यंदा नाही." मला वाटलं, लाज वाटतेय. बरंच झालं, वाटू दे.

सिनेमा लागला तेव्हा तुम्ही दोन तिकिटं घेऊन लालबागेत आलात. उन्हातून, गुडघे धरत. मी म्हटलं, मी त्याच्यावर थुंकणारसुद्धा नाही. तुम्ही म्हणालात, "चल तर." मी म्हटलं, "देवी विकलीत तुम्ही, अक्का. आईंनी शिकवलेली गाणी चेटकिणीच्या तोंडात घातलीत." तुमचा भाऊ मध्ये पडायला उठला, मी त्यालाही बसवला. तुमच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे मला आत्ता कळतंय. ओठ मुडपून धरले होते तुम्ही. मला वाटलं, रडू आवरतायत. म्हणालात, "आधी शिनेमा बघ शालू, मग भांड." आणि तिकिटं परत पिशवीत घालून जिना उतरलात.

त्याच आठवड्यात तुम्ही दुपारच्या जरा आडव्या झालात त्या उठलाच नाहीत.

तेराव्याला मीना मला बाजूला घेऊन म्हणाली, "मामी, घरात आईंचा आवाज कुठंच नाही हो. फोनमध्ये फोटो ढीगभर आहेत, आवाज एक नाही. फक्त त्या पिक्चरमध्ये." आपल्या गावचं शूटिंग म्हणून इथं तो अजून उतरला नव्हता. म्हणून गेले. थुंकायला नाही, ऐकायला गेले. देवी विकलेली असली तरी आवाज तर तुमचाच ना.

इंटरव्हलनंतर बऱ्याच वेळानं तो सीन आला. नवरी कोठीकडे चाललीय. सगळीकडे धूर, ढोल, वाऱ्याचा आवाज, आणि त्याच्या तळातून जात्याची घरघर. मग तुम्ही. मीनानं माझा हात घट्ट धरला. पडद्यावर ती पांढऱ्या डोळ्यांची घाण तोंड उघडतेय आणि त्यातून तुमचा आवाज येतोय. पुढच्या रांगेतली पोरगी किंचाळली. कुणीतरी "हे भगवान" म्हणालं. मला रडू फुटणार तेवढ्यात शब्द लागले.

दळण दळीते बाई, सव्वा पायली गव्हाचं,
खीर करपविणारं, नाव सांगू का वहिनीचं?

मी "अगं अक्का!" म्हणून ओरडले. आयुष्यात तुम्हाला कधी अगं-तुगं केलं नाही, ते भरल्या थेटरात केलं. लोकांना वाटलं, म्हातारी घाबरली. भूत भिंतीवर चढतंय, पोरं डोळे झाकतायत, आणि तुमचं आपलं सुरूच:

भावजय माझी बाई, जात लवंगी मिरचीची,
भाऊ माझा भोळा सांब, त्याला सवय ठसक्याची.

शापित देवीचा असली मंत्र! अहो, त्या दाढीवाल्याला कानबाई कुठली आणि खीर कुठली, काय कळणार? आवाज खोल आहे, बाई म्हातारी आहे, म्हणजे मंत्रच. मी हसत होते, अक्का. पदर तोंडात कोंबला तरी हसू बाहेर पडत होतं, आणि मीना मला हलवून विचारत होती, "मामी, काय झालं? मामी, पाणी देऊ का?"

नाही विकलीत देवी. त्याला माझी खीर विकलीत.

आणि सांगितलं नाहीत! वर्षभर मी तुम्हाला काय काय बोलले, आणि तुम्ही गिळत बसलात. का, ते मला आता नीट कळलंय. तुम्हाला शेजारच्या खुर्चीत बसून माझं तोंड बघायचं होतं. म्हणून दोन तिकिटं, म्हणून त्या श्रावणात ओवी गिळलीत, म्हणून ते मुडपलेले ओठ. हसू दाबत होतात तुम्ही, माझ्या दारात, मी तुम्हाला नाही नाही ते बोलत असताना. मला तुमचा राग येतो, अक्का. एवढी मजेची गोष्ट अशी वाया घालवतात का कोणी? माझं तोंड बघायला तुम्हीच नव्हता तिथं.

पुढं तिसरी ओवी आली. ही मी कधी ऐकलेली नव्हती. ती त्याच दिवशी, त्याच ओट्यावर जोडलेली:

रुसून गेली बाई, माझी चप्पल घालून,
दारात उभी मी गं,

आणि नेमकी तिथं ती नवरी किंचाळते. लांबलचक, कान किटवणारी किंकाळी. ती संपते तेव्हा तुम्हीही संपलेल्या असता. मग कोठीचं दार फुटतं, आतून रक्ताचा लोंढा, हिरो येऊन भुताच्या डोक्यात वरवंटा घालतो आणि भूत परत ओकतं. कादंबरीचा शेवट हा असूच शकत नाही. त्यापेक्षा आपला लगदा बरा.

मी काल परत गेले. मळमळ सोसून, डोळे मिटून, कान तेवढे उघडे ठेवून बसले. किंकाळी तिथंच आहे. तुमची ओळ तिच्याखाली गडप.

मीना म्हणाली, "त्या डायरेक्टरकडे पूर्ण रेकॉर्डिंग असेल, मी फोन करते." मी म्हटलं, नको. खबरदार फोन केलास तर. ती म्हणाली, "का हो मामी?" मी सांगितलं नाही. तुम्ही असता तर तुम्हाला सांगायची गरज पडली नसती.

या श्रावणात देवीची गाणी संपली की तुमची ओवी मीच म्हणणार आहे. खीर करपविणारी स्वतःच म्हणणार. माझा आवाज फाटका आहे, बायका हसतील, हसू देत. शेवटची ओळ मी जोडलीय. त्या दिवशी चहा गॅसवर होता, आणि मी गेल्यावर तुम्ही काय केलं असेल, ते इतक्या वर्षांनी मला कळणार नाही होय?

रुसून गेली बाई, माझी चप्पल घालून,
दारात उभी मी गं, चहा दोघींचा गाळून.

हीच ओळ होती ना, अक्का? मी म्हणते, हीच होती. तुम्ही जन्मभर म्हणत आलात, भूतबीत काही राहत नाही, माणसंच राहतात. बरं, राहू दे तुमचंच खरं. पण माझी ओळ चुकली असेल, तर या आणि भांडा.